जमुनाबाईंच्या पोटातलं दुखणं

अंजनगावात आमच्या शेजारी जमुनाबाई राहतात. मनानं सोनं, पण दुसऱ्याचं कौतुक झालं की यांच्या पोटात दुखायला लागतं.

धाकटी जाऊ रागिणी हिच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ अकोल्याला काढली, तेव्हा याच बाईनं नवस बोलले, तिची धुणी धुतली. तिथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते संशोधन करणाऱ्या प्रणाली मॅडम आल्यावर. आपण जेवलो की आतडं रक्तात हार्मोन सोडतं आणि पोट भरल्याचं मेंदूला कळवतं. कॅन्सरच्या पेशंटची भूक त्यामुळेच मरते का, कॅन्सरच्या पेशी त्या हार्मोनवरच पोसतात का, हे मॅडम शोधत होत्या. दर महिन्याला रागिणीला अकोल्याला बोलावून ठरलेली खिचडी द्यायच्या, खाण्याआधी आणि नंतर रक्त घ्यायच्या. ते बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये जायचं. आणि वर विचारायच्या, आज किती घास गेले, ताई?

हा प्रश्न जमुनाबाईंना झोंबला. मला म्हणाल्या, "मी जेवली का नाई, हे या घरात कोणं इचारलं कधी?"

आता, तव्यावरची भाकर संपवणाऱ्या बाईला हे कोण विचारणार? पण हसायची सोय नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढे तुलनेसाठी मॅडमना एक निरोगी बाई हवी झाली, साधारण त्याच वयाची, त्याच घरचं खाणारी. जमुनाबाई हरखल्या. ठेवणीतली साडी नेसून अकोल्याला गेल्या आणि हात हलवत परत आल्या. काही न खातापिता यायचं होतं, आणि नेमकी त्या दिवशी चतुर्थी. यांनी साबुदाण्याची उसळ खाऊन वर चहा घेतलेला. उपासाला चालतं ते दवाखान्यालाही चालेल, असा हिशेब. रागिणीनंच मुद्दाम सांगितलं नाही म्हणून तिच्याशी आठवडाभर अबोला.

दुसऱ्या खेपेला मीही सोबत गेले. दोघी जावा शेजारीशेजारी बसल्या, पुढ्यात सारखीच खिचडी. जमुनाबाईंनी ताटली चाटूनपुसून साफ केली. छान भूक आहे तुमची, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा तर सरपंच निवडून आल्यागत त्यांनी जावेकडे पाहिलं. रागिणीची खिचडी जवळजवळ तशीच होती.

"पायलं? संपवली म्या," जमुनाबाई म्हणाल्या.

रागिणीनं ताटली बाजूला सारली.

"पायते नं. रोजच पायते," ती म्हणाली. "तुमी भाकर मोडता, तवा मले तोंड फिरवा लागते, जाऊबाई. इतका जीव जळते माहा."

मॅडम रक्ताच्या नळीवर चिठ्ठी चिकटवत होत्या. जमुनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

संध्याकाळी मी विरजण मागायला गेले, तर जमुनाबाई ताट घेऊन मागच्या दारी बसल्या होत्या, आतून रागिणीला दिसू नये अशा बेतानं.