रोह्याचा अरुंद फिल्टर

मिठागरात पाणी घेऊन विसरून गेलात, तरी मीठ धरतंच. आमच्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांच्या, टोळक्यातले किस्से तसेच साचले. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. आम्ही चौघं. पेणचे नाना, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. रोह्याचे सदूभाऊ, कंपनीतून निवृत्त. हमरापूरचा मूर्तिकार मोरेश्वर. आणि मी, बातमीदार. सरकारी खुलासे छापून छापून खुलाशांवरचा माझा विश्वास उडालाय, हे आधीच सांगतो.

मोर्स म्हणजे आखूड ‘डि’ आणि लांब ‘डा’ सुरांची लिपी. ती ऐकताना एका वेळी अनेकांचे सूर कानात शिरतात. फिल्टर म्हणजे चाळण. रुंद घेतला तर अख्खा बाजार आत, अरुंद घेतला तर एकच माणूस. कोणता घ्यावा, यावर आम्ही जितके भांडलो तितके निवडणुकीवरूनही भांडलो नाही.

*

मुंबईचा दुकानदार मला म्हणाला, "अरुंदच घ्या, शांत वाटतं."

"शांत स्मशानातही वाटतं," मी म्हटलं. तरी घेतला.

आठवडाभर खरंच शांतता. मग बाजारात मोरेश्वर भेटला, तणतणत. "रोज हाका मारतोय तुम्हाला. व्हय नाय की नाय नाय."

तो माझ्या सुराला लागूनच होता, केसभर बाजूला. फिल्टरने त्याला छाटला होता. शेजारी कुणी हाका मारतंय आणि आपल्याला नुसती शांतता ऐकू येतेय, ही कल्पना मला तेव्हापासून सोसत नाही. मी रुंद फिल्टर लावला.

*

रुंद लावला तर जिते गावाच्या बाजूची घरघर आत आली. छोटा रेडिओ हातात धरून मी माग काढला आणि थेट एका विजेच्या खांबापाशी पोचलो. खाऱ्या वाऱ्याने खांबावर मीठ बसतं, ठिणग्या उडतात, तसलंच काही असणार. वीज कंपनीच्या साहेबाकडे तक्रार नेली.

"आमच्या तारा आवाज करत नाहीत," साहेब म्हणाले. "तुमचे कान करतात."

मी ते वाक्य जसंच्या तसं छापलं. लगेच वायरमन धावत आला. खांबाकडे बघून म्हणाला, "ह्याच्यावर लाइन हायच कुठं? कवाच काढली."

मी मान वर करून पाहिलं. खांब बोडका होता. हातातला रेडिओ घरघरतच होता.

*

फार अरुंद फिल्टरची एक खोड असते. आकाशातली साधी खरखरही त्यातून घंटेसारखी घुमते. मोरेश्वरचा सेट कारखान्यातच होता, मूर्तींच्या रांगांमध्ये. डोळ्यांची आखणी व्हायची होती. घंटा घुमायला लागली तशी बायको म्हणाली, "त्यो आवाज बंद करा आधी."

"काय झालं गो? मूर्ती घाबरतील?"

"डोळं नाय उघडलं त्यांचं. कान उघडंच हायत."

मोरेश्वर हसला नाही. त्या दिवसापासून तो हेडफोन लावतो.

*

कंपनीच्या कॉम्प्रेसरने सदूभाऊंचे कान खाल्ले होते. ऐकू येणाऱ्या सुरांची एकच पट्टी तेवढी उरली होती. रोज दिवेलागणीला नानांशी मोर्सवर गप्पा मारणं, एवढंच त्यांचं जग. "तेही गेलं तर सेट विकतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो," म्हणाले. म्हणून नानांनी त्यांना सर्वांत अरुंद फिल्टर बसवून दिला, त्या एकाच पट्टीसाठी. सदूभाऊंना ऐकू यायला लागलं.

फार ऐकू यायला लागलं. "काल कैरीचं लोणचं पाठवतो म्हणालास, ते कुठाय?"

"काल मी पनवेलला होतो, सदू," नाना म्हणाले.

असं वरचेवर व्हायला लागलं. फिल्टर घुमतोय, म्हातारा त्यात शब्द ऐकतोय, असं आम्ही ठरवलं. फिल्टर काढायचा. पण काढला की सदूभाऊंचे कान कायमचे मिटणार, म्हणून आधी खात्री करायला मी नानांबरोबर रोह्याला गेलो.

दिवेलागणीला सदूभाऊंनी हेडफोन चढवले आणि खुशीत मान हलवायला लागले. "आला बघ."

"सदू, मी इथं बसलोय. पेणचं घर बंद आहे, अँटेनाची वायरसुद्धा काढून आलोय."

"मग हे कोण? तूच ऐक."

नानांनी हेडफोन लावले. दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. मग माझ्याकडे दिले. मोर्स पाठवणाऱ्याचा हात ओळखू येतो, आवाज ओळखावा तसा. मला मोर्स नानांनीच शिकवलं. शब्दाची शेवटची डा रेंगाळत सोडण्याची सवय त्यांच्याशिवाय कुणाला नाही. सुरातून सावकाश, स्वच्छ येत होतं: सदू, आज गप्प का?

सदूभाऊ आमच्या तोंडाकडे बघत होते. "म्हणजे मला ऐकू येतं ना?"

"येतं," नाना म्हणाले.

सदूभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी मोर्स पाठवायच्या कीवर हात ठेवला. "थांब, त्याला सांगतो, नाना इथंच आलाय."

नानांनी त्यांचं मनगट धरलं.

"नको सांगू, सदू. आपण नाना नाही, हे त्याला माहीत नसेल."