स्वतःच्या इच्छेने नेत आहोत

सिस्टरने माझा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. विचारलं नाही. वाचता येतं का, सही येते का, काही नाही. माझी साडी बघितली आणि ठरवून टाकलं. निळा झालेला अंगठा ती कागदाकडे ओढायला लागली तेव्हा मी हात हिसकावून घेतला.

"मला वाचता येतं," मी म्हणाले.

टेबलामागच्या डॉक्टरांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. "वाचण्यासारखं काही नाही त्यात. गाडी उभी आहे. आटप लवकर."

माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील. मी त्यांना साहेब म्हणत होते. ते मला तू म्हणत होते.

बाहेर गोव्याला जाणाऱ्या ॲम्ब्युलन्समध्ये माझी चार वर्षांची मुलगी होती. तोंडावर ऑक्सिजन. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

आचऱ्याहून तिला या सरकारी रुग्णालयात आणलं तेव्हा ताप होता आणि खोकला. दाराशी पाटी होती, बालरोगतज्ज्ञ, रोज सकाळी नऊ ते एक. खोलीला कुलूप. म्हणाले, उद्या येतील. दुसऱ्या दिवशी म्हणाले, रजेवर आहेत, उद्या नक्की. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडू मारणाऱ्या मावशीने माझ्याजवळ वाकून सांगितलं, "बाय गो, कोणाची वाट बघतंस? हंय पोरांचो डॉक्टर येवन दीड वर्स झाला."

दोन दिवस. दोन दिवस मी कुलपाकडे बघत बसले होते.

मी मासळी विकते. सातवी झाल्यावर डोक्यावर पाटी घेतली आणि गावोगाव पायी फिरले. आता बाजारात माझी स्वतःची जागा आहे, दारात टेम्पो आहे. कुणी दिलेलं नाही, एकेक गोष्ट भांडून घेतली. माझं तोंड वाईट आहे हे सगळा बाजार जाणतो. पण त्या दोन दिवसांत मी तोंड शिवून ठेवलं होतं. सिस्टर म्हणाली, "वास मारतो तुला, खाटेवर बसू नको." मी फरशीवर बसले. नळाखाली साबण लावून दोनदा आंघोळ केली, केस धुतले. मुलगी वरून हात खाली सोडायची, तो मी खालून धरायचे. "आये, माका घराक व्हर," म्हणायची. दुसऱ्या दिवशी तेवढं बोलण्याइतकाही श्वास तिला पुरेना.

आणखी एक सांगते. सांगायला लाज वाटते, तरी सांगते. पहिल्याच दिवशी मी माझ्या टेम्पोच्या ड्रायव्हरला फोन करून चांगली सुरमई मागवली आणि डॉक्टरांच्या क्वार्टरवर पाठवली. सिस्टरला बांगडे दिले. आमच्यात असंच करतात. काम असलं की मासा पुढे जातो. त्यांनी घेतला. मासा त्यांच्या स्वयंपाकघरात गेला, आणि मी फरशीवरच राहिले.

कागद मी हातात घेतला. सावकाश वाचते मी, पण सगळं वाचते. "नातेवाईक रुग्णास स्वतःच्या इच्छेने व स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहेत. काही बरेवाईट झाल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही."

हे वाक्य मला माहीत होतं. माझ्या शेजारणीचा, सुलूचा मुलगा वर्षापूर्वी इथूनच असाच गोव्याला पाठवला. तिच्यासोबत मी होते. तिने विचारलं होतं, "काय लिवला हा गो?" मी कागद बघितलासुद्धा नाही. "घाल गो आंगठो, येळ घालव नको," मीच म्हणाले. वाटेतच, बांद्याच्या पुढे, मुलाने जीव सोडला. महिन्याने तिचा नवरा जाब विचारायला आला तेव्हा त्याला हाच कागद दाखवला. तुम्हीच नेलात. तुमच्या इच्छेने. सुलूने आजवर मला एका शब्दाने विचारलेलं नाही. रोज समोर असते.

"साहेब," मी म्हणाले, "मी नेत नाही. तुम्ही पाठवताय. इथे मुलांचा डॉक्टर नाही म्हणून पाठवतो, असं लिहा. मी सही करते."

आता त्यांनी मान वर केली. "ए बाई, हा मासळीबाजार नाही. घासाघीस तिकडे कर."

"मासळीबाजारात कल्ले उघडून दाखवल्याशिवाय मासा कुणी विकत नाही. तुम्ही दीड वर्षं कुलूप दाखवताय."

सिस्टर म्हणाली, "तोंड बघा हिचं."

त्यांनी कागद ओढून घेतला, काहीतरी खोडलं, वर लिहिलं. पुढील उपचारासाठी. पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, "पुढील का? मागले झाले खंय?" रागात मालवणी तोंडात आली. "दोन दीस माका बसवन ठेवलात, ता खंय लिवलात?"

ते उभे राहिले. "तुझ्या हट्टापायी मूल मरेल. मग रडत बस."

हे त्यांनी बरोबर जागी मारलं. मी पेन उचललं. खरं सांगते, उचललं. दारातून गाडी दिसत होती. ड्रायव्हर टेकून उभा होता, चिठ्ठी मिळाल्याशिवाय तो हलणार नव्हता. आत माझी मुलगी. नवरा ट्रॉलरवर, रेंजच्या बाहेर. इथे उभी राहून शब्दांसाठी भांडणारी ही कसली आई, असं मलाच वाटलं.

तेवढ्यात मागून शेजारच्या खाटेवरची बाई आली, मसुऱ्याची, मांडीएवढं पोर कडेवर घेऊन. म्हणाली, "ताई, माझो आंगठो काल येताच घेतल्यानी. कोऱ्या कागदार."

मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं. सिस्टरच्याही. सिस्टरने मान फिरवली. बाजारात वीस वर्षं मी तोंडंच बघत आलेय. कुणाला घाई आहे, कुणाची गरज मोठी, हे मला तोंडावरून कळतं. त्या माणसाला घाम आला होता. मूल त्यांच्या दारात, माझ्या सहीशिवाय गेलं, तर ते त्यांच्या नावावर जाणार होतं. माझ्यापेक्षा त्यांना सही जास्त हवी होती.

मी पेन खाली ठेवलं. खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. दोन दिवसांत पहिल्यांदा खुर्चीवर.

"लिहा. नाहीतर मी इथे बसलेय."

माझ्याच लेकीला मी तराजूत घातलं होतं. त्या खुर्चीत मला हे पक्कं ठाऊक होतं. तोंड दगडासारखं ठेवलं होतं. भिंतीवर घड्याळ होतं. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत तिचे किती श्वास गेले, हे मला कुणी विचारू नये.

सातव्या मिनिटाला त्यांनी लिहिलं. येथे बालरोगतज्ज्ञ उपलब्ध नसल्याने. दाखल झाल्याची तारीख. सही. शिक्का. मी मोबाईलवर फोटो काढला, मग सही केली, चिठ्ठी घेतली आणि धावले.

आज सहावा दिवस. गोव्याच्या हॉस्पिटलात ती काचेपलीकडे आहे, घशात नळी. दिवसातून दोनदा आत सोडतात. पहिल्याच दिवशी इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दोन दिवस आधी का नाही आणलंत?" मी मोबाईलवर कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. जगेल का विचारलं की म्हणतात, आज काही सांगता येत नाही.

आणि ती सात मिनिटं? तीही मी विचारली. बाई म्हणाल्या, "दोन दिवसांपुढे सात मिनिटं काय." म्हणजे त्यांनी काही बिघडलं नाही, असं म्हणाल्या नाहीत. ते मी कुणावर ढकलणार नाही. माझं आहे.

नवरा परवा पोचला. त्या रुग्णालयाविरुद्ध जिल्ह्याला द्यायची तक्रार मी लिहून ठेवलीय, ती त्याने वाचली. म्हणाला, "सोड गो ता. चेडू बरा होवंदे. उद्या काय झाला तर परत थंयच जावचा लागतला. तेंच्याच हातात आसंव आपण."

त्याचं खोटं नाही. आम्हाला परत तिथेच जावं लागणार. मसुऱ्याच्या बाईलाही, सुलूलाही, सगळ्या किनाऱ्याला. दुसरं दार नाही. म्हणूनच तक्रार द्यायची.

मसुऱ्याची बाई तक्रारीवर सही देते म्हणालीय. सुलूला मी फोनवर सांगणार नाही. तिच्या दारात जाऊन, त्या दिवशी अंगठा मी घालायला लावला, हे तिच्या नवऱ्यासमोर आधी बोलणार, आणि मग तिला तक्रार द्यायला बरोबर येतेस का विचारणार. तिने हाकललं तर एकटी जाणार.

मुलगी घरी आली तरी जाणार. तिच्यावाचून परतावं लागलं तरी जाणार.