न मोजलेला पगार

सूतगिरणीच्या गेटजवळची ती पगाराची रांग अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले. ही केस मात्र तशीच्या तशी लक्षात आहे. खरं तर ती साधी चोरीची केस होती आणि तपासात कुणाला चापटसुद्धा मारावी लागली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सांगलीच्या बाजूला फौजदार होतो. आमच्या हद्दीत एक सूतगिरणी होती. तिथे पहाऱ्याचं कंत्राट सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदारांकडे होतं. फौजेतून परत आलेले गडी जमवायचे, त्यांना खाकी कपडे द्यायचे आणि गिरणीला पहारेकरी पुरवायचे, असा त्यांचा धंदा. आपल्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे माणसांना तोटा नव्हता. सातारा-सांगलीच्या गावोगावचे गडी त्यांच्याकडे होते. त्यात मराठ्यांची पोरं होती, बौद्ध वस्तीतले महार रेजिमेंटचे जवान होते, एक-दोन धनगरही होते. सुभेदारांच्या हाताखाली सगळे एका पंगतीला जेवायचे.

एका सकाळी गिरणीच्या स्टोअरकीपरने ठाण्यात फिर्याद दिली. मोटारींच्या वाइंडिंगसाठी आणलेल्या तांब्याच्या तारेची वेटोळी गुदामातून नाहीशी झाली होती. तांबं तेव्हाही महाग होतं. मी जाऊन पंचनामा केला. कुलूप शाबूत, खिडकी शाबूत, भिंतीला भोक नाही. चोवीस तास गेटवर पहारा. अशा ठिकाणी माल जातो तेव्हा शेंबडं पोरसुद्धा पहारेकऱ्यांकडे बोट दाखवतं. स्टोअरकीपरनेही तेच दाखवलं. फक्त तोंडाने म्हणाला, "मी कुणावर संशय घेत नाही साहेब." असं म्हणणारा माणूस हमखास कुणावर तरी संशय ढकलायला आलेला असतो. पण त्या दिवशी माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

दोनच दिवसांत खबर आली. गिरणीसमोर चहाचा गाडा चालवणारा एक जण माझा खबऱ्या होता. तो ठाण्यात आला आणि हळूच म्हणाला, "सायेब, एक इचारू का? गिरणीनं सुभेदाराचं बिल तीन महिनं दिल्यालं न्हाई. तरी बी दर एक तारखेला गड्यांचा पगार व्हतोय. पैसं येतंय कुठनं?"

प्रश्न बिनतोड होता. पहारेकऱ्यांचा पगार आधी सुभेदारांनी द्यायचा, मग गिरणीने त्यांचं बिल भागवायचं, अशी कंत्राटाची रीत. मधल्या काळात सगळा भार सुभेदारांच्या खिशावर. त्यांचा खिसा काही साखर कारखान्याच्या चेअरमनचा नव्हता. पेन्शन, थोडी जिरायत जमीन, एक म्हैस. तीन महिने एवढ्या माणसांना पोसणारा पैसा म्हशीच्या दुधातून निघत नाही. तांबं गेलं आणि पगार झाला, या दोन गोष्टी जोडायला मला फार डोकं लागलं नाही.

मी सुभेदारांना ठाण्यात बोलावलं. ताठ माणूस. मिशा पांढऱ्या, पण कडक. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बिल मिळालं नाही, तरी पगार कशातनं देता?" मी विचारलं.

"घरचा पैसा हाय."

"घरचा म्हणजे कुठला?"

"घरचा म्हंजी घरचाच, सायेब."

तासभर मी त्यांना फिरवून फिरवून तेच विचारलं. आवाज चढवला, खाली आणला, चहा पाजला. उत्तर बदललं नाही. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी थोडी भर घालतो. हा माणूस तेवढंच बोलून थांबत होता. शेवटी मी वैतागून सांगितलं, की नीट उत्तर मिळालं नाही तर मी अटक करणार.

ते पहिल्यांदाच जरा हलले. म्हणाले, "करा. माझी ना न्हाई. पर सायेब, एक तारीख तेवढी होऊ द्या. मी टेबलावर न्हाई दिसलो तर पगार व्हनार न्हाई आन् पगार न्हाई झाला तर कंत्राट जाईल. समदी पोरं घरी बसतील."

अटकेच्या तोंडावर माणसं जामीन मागतात, वकील मागतात, आईबापांची आण घेतात. पहिली तारीख मागणारा आरोपी मी प्रथमच पाहिला. मी त्यांना सोडलं, मागे साध्या कपड्यांतला एक शिपाई लावला आणि एक तारखेला स्वतः गिरणीत गेलो.

कंत्राटी कामगारांचा कायदा तेव्हा नवा होता. ठेकेदाराने पगार वाटताना मालकाचा माणूस हजर पाहिजे, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाटप पाहून सही केली पाहिजे, तरच पुढचं बिल. एक महिना जरी पगार चुकला तरी कंत्राट रद्द, असं गिरणीने करारात घातलं होतं. त्यासाठी गिरणीचा लेबर ऑफिसर खुर्ची टाकून बसला होता. मीही त्याच्या शेजारी पाहुण्यासारखा बसलो.

पगाराचा थाट पलटणीतला. टेबलावर कांबळं अंथरलेलं. त्यावर नोटांच्या चळती. सुभेदार नाव पुकारायचे, गडी पावलं आपटत पुढे यायचा, सलाम ठोकायचा, पैसे घ्यायचा, पुन्हा सलाम, उलटा वळून निघून जायचा. लेबर ऑफिसर खूश. माझ्या कानात म्हणाला, "काय शिस्त आहे बघा!"

मी शिस्तच बघत होतो. पाच-सहा गडी होऊन गेले आणि मला काहीतरी खटकायला लागलं. काय ते कळायला आणखी दोघे जावे लागले. एकही माणूस पैसे मोजत नव्हता.

आमच्या ठाण्यात पगार वाटणारा रायटर देवमाणूस होता. तरी त्याच्यासमोर प्रत्येक शिपाई बोटाला थुंकी लावून नोटा मोजायचा आणि मगच बाजूला व्हायचा. त्यात अविश्वास नसतो. महिनाभर राबलेल्या माणसाचा तो हक्काचा आनंद असतो. फौजेत तर टेबलावरच मोजून घ्यायची सक्तीच असते. आणि इथे जन्म पलटणीत गेलेली माणसं नोटा न बघता खिशात घालत होती.

आपला नसलेला पैसाच माणूस असा घेतो.

वाटप संपलं, सही झाली, ऑफिसर जेवायला गेला. मी सायकल स्टँडकडे निघालेल्या गड्यांच्या मागे गेलो. स्टँडच्या पलीकडे लिंबाचं झाड होतं. तिथे त्यांच्यातला वयाने मोठा असा एक नाईक टॉवेल पसरून बसला होता. एकेक जण यायचा, खिशातले पैसे टॉवेलवर ठेवायचा आणि ड्यूटीवर जायचा.

मी समोर जाऊन उभा राहिलो. "नाईक, हे काय चाललंय?"

तो ताडकन उठला आणि टाचा जुळवल्या.  तेवढ्यात सुभेदार लगबगीने आले आणि आल्या आल्या म्हणाले, "त्याला काय इचारू नका. समदं माझं हाय."

मग सगळं बाहेर आलं. त्यांचा भाचा विट्याकडचा. मद्रासला त्याचं सोनं गाळायचं दुकान. त्याने मामाला एका महिन्याच्या पगाराएवढे पैसे हातउसने दिले होते. पहिल्या महिन्यात बिल आलं नाही. तो पैसा खरोखर वाटून टाकला, तर पुढच्या एक तारखेला टेबलावर ठेवायला काही उरणार नाही, कंत्राट जाणार आणि अडकलेलं बिलही बुडणार. तेव्हा गड्यांनीच तोड काढली. साहेबासमोर पगार घ्यायचा, झाडाखाली परत करायचा. त्याच नोटा तीन महिने कांबळ्यावर येत होत्या आणि टॉवेलात परत जात होत्या. गड्यांना मधून सुभेदारांच्या पेन्शनीतून खर्चीपुरतं काही मिळायचं तेवढंच.

"मग हे ठाण्यात का नाही सांगितलं?"

"चोर म्हनला असता तर मला एकट्याला म्हनला असता, सायेब," सुभेदार म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर सगळ्यांच्या पोटावर पाय आला असता."

माझा संशय तिथेच विरला. पण तांबं तर गेलंच होतं. परत येताना एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली. गिरणीच्या ऑफिसातलं अडकलेलं बिल रस्त्यावरच्या चहावाल्याला कसं कळलं? मी गाड्यावर थांबून विचारलं.

"त्ये व्हय?" तो म्हणाला. "स्टोअरकीपर सायेब रोज येत्यात न्हवं चहाला. त्येच म्हनलं, फौजदाराच्या कानावर घाल."

फिर्याद देताना कुणावरही संशय न घेणाऱ्या माणसाने चहाच्या कपातून संशय पाठवला होता. चौकशीत कळलं, की गेटची व्यवस्थाही त्याच्याकडेच होती. पहारेकऱ्यांची हजेरी तो तपासणार, मगच सुभेदारांचं बिल पुढे सरकणार. तीन महिने ते त्याच्याच टेबलावर पडून होतं.

आता मी पहारेकऱ्यांना पहिल्यांदाच चोर न समजता विचारलं, की गेटमधून झडतीशिवाय काय जातं? नाईकाने लगेच सांगितलं, "कापसाच्या कचऱ्याची ट्रक, सायेब. स्टोअरकीपरची चिठ्ठी असली की सोडाय लागती. आमी एकदा अडवली तर आमच्यावरच डाफरलं."

चटावलेला माणूस थांबत नाही. त्यात संशय दुसऱ्यावर गेलेला, म्हणजे रान मोकळं. पुढच्या वेळी तो ट्रक निघाला तेव्हा मिरज रस्त्यावर भर दुपारी पंचांसमक्ष आम्ही तो थांबवला. कचऱ्याच्या तळाशी तांब्याची वेटोळी होती. स्टोअरकीपरला समोर बसवून मी मुद्देमाल नुसता टेबलावर ठेवला.  त्याने पाणी मागितलं आणि मग सगळं ओकून टाकलं. पहारेकऱ्यांचा पगार तुटला की ते पळतील आणि गेटवर आपल्या मेव्हण्याची माणसं बसवता येतील, असा त्याचा बेत होता. तीन महिने झाले तरी ही माणसं का पळत नाहीत, हे कोडं त्याला सुटलं नव्हतं.

गिरणीच्या चेअरमननी सुभेदारांचा हात हातात घेऊन दिलगिरी व्यक्त केली. बिल पुढच्या महिन्यात संचालकांच्या बैठकीत नक्की मंजूर करू म्हणाले. सुभेदार हसून म्हणाले, "तीन महिनं थांबलो, आनी एक थांबू." मला तर भरून आलं. ठाण्यात येऊन मी शिपायांपुढे भाषणच ठोकलं, की इमान बघायचं तर या माणसांचं बघा.

नाईक महत्त्वाचा साक्षीदार होता. त्याचा सविस्तर जबाब घ्यायला मी कवठे महांकाळच्या बाजूला त्याच्या गावी गेलो. तो विहिरीवर गेला होता. त्याच्या बायकोने घोंगडं टाकलं, पाणी दिलं. वाट बघताना मी तिला म्हणालो, "वहिनी, तुमच्या मालकांसारखी इमानी माणसं आता राहिली नाहीत."

ती चुलीपुढे भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "आवं सायेब, इमान त्येंचं, उपास आमचा."

 तिने मान वर केली. "दर म्हैन्याला म्हनायचं पगार झाला. आन् हात रिकामं. दुकानदार दारात आला तवा मी पुढं व्हायचं. दुसऱ्याच्या रानात खुरपाय मी जायचं. पैसं माघारी द्यायचं ठरलं, तवा मला कुनी इचारलं व्हतं का?"

ती रडली नाही, रागावलीही नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि पदराने हात पुसले. तिची फिर्याद कुठल्या कलमात बसत नव्हती. पण इतकी खरी फिर्याद मी ठाण्यात क्वचितच लिहून घेतली असेल. माझं ते भाषण आठवून मला शरम वाटली.

परत आल्यावर मी सुभेदारांना बोलावून तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ते टोपी हातात फिरवत बसले. त्या दिवशी ते माझ्यासमोर पहिल्यांदा बसले होते. मग म्हणाले, "मला मागायची लाज वाटत व्हती, सायेब. चेअरमनपुढं पैशासाठी उभं ऱ्हायचं म्हंजी कसंतरीच वाटायचं. तेवढ्यासाठी मी ह्या बायकांना..." 

दुसऱ्या दिवशी ते चेअरमनच्या केबिनमध्ये गेले. मी बरोबर होतो. सलाम केला आणि सांगितलं, "सायेब, बैठक तुमची तुमी घ्या. उद्या सकाळपर्यंत तीन म्हैन्याचं बिल आन् इथून फुडं दर म्हैन्याला पगाराची रक्कम आगाऊ. न्हाईतर माझी मानसं गेट सोडत्यात." चेअरमन माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीबाहेर बघू लागलो. संध्याकाळच्या आत चेक निघाला.

एवढं सोपं होतं ते. मागितलं आणि मिळालं. तीन महिने कुणी मागितलंच नव्हतं, कारण सगळे आपापल्या इमानात मश्गूल होते.

पुढच्या नोकरीत माझ्यासमोर कुणाच्या निष्ठेचं कौतुक सुरू झालं, की मी आधी एवढंच विचारायचो, "याच्या घरी कोण कोण असतं?"