डाव्या हाताने कापलेलं कार्ड

गेनिया पावलिकला मावशी म्हणत नाही असं माणूस आमच्या गावात सापडायचं नाही. मीही मावशीच म्हणते. मी उर्षुला, लोविच शहराच्या पलीकडच्या सात गावांची टपालवाली. वीस वर्षं हेच करतेय. सायकल गेली, छोटी गाडी आली, गावं तीच.

डिसेंबर लागला की मावशीची पाकिटं तयार असायची. प्रत्येकात तिने स्वतः कापून केलेलं नाताळचं कार्ड. आमच्याकडे कागद कापतात तो मेंढ्यांची लोकर कातरायच्या मोठ्या कात्रीने. पेन्सिलीची रेघ नाही, साचा नाही. कागद दुमडायचा आणि पातं फिरवत न्यायचं, मग रंगावर रंग चिकटवायचे. बाकीच्या बायका कोंबडे आणि फुलं कापायच्या. मावशी मात्र माणूस बघून कापायची. नणंदेच्या मधमाश्या, तर तिला पोळं. जावयाला मासेमारीचं वेड, तर त्याला गळाला लागलेला मासा. नात चालायला लागली त्या वर्षी तिला धडपडणारी बदकं.

"दुकानातून आणा की मावशी, किती जीव काढता," मी एकदा म्हणाले.

"दुकानातल्या कार्डाला कुठं माहीत असतं ते कुणाकडे चाललंय?" ती म्हणाली.

अठरा पाकिटं तिचा नवरा वालेन्तीकाका टपालात आणून द्यायचा. एकोणिसावं ती स्वतः माझ्या हातात ठेवायची, फाटकापाशी, काका शेडमध्ये असताना. ते कॅनडाला जायचं, विनिपेगला, काकाच्या थोरल्या भावाला. झिग्मुंत त्याचं नाव. चौदा वर्षांपूर्वी यांचे वडील गेले तेव्हा झिग्मुंत माती देऊन चार दिवस झाल्यावर पोचला. काकाने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तेव्हापासून त्या घरात झिग्मुंतचं नाव बंद. मावशी मात्र दरवर्षी दोघांच्या नावाने कार्ड पाठवायची, आणि जानेवारीत त्याचं पत्र आलं की मी ते तिच्या एप्रनच्या खिशात सरकवायचे. नियमात बसतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात मावशी चेरीच्या झाडावरून पडली. वय एकाहत्तर, आणि शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. उजव्या मनगटाचा चुरा झाला. डॉक्टरांनी धातूची पट्टी घालून हाड बसवलं, पण बोटं मिटेनात. पेला धरता येईल, कात्री विसरा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

व्रोत्सवाफहून मुलगी आली, ब्रिगिदा. आठवडाभर राहिली, आईचे केस विंचरले, मुरंब्याच्या बरण्या भरल्या. जाताना म्हणाली, "आई, या वर्षी कार्डं विकत आणू. कोणी काही म्हणणार नाही."

"कोणी काही म्हणणार नाही हे मलाही माहितीय," मावशी म्हणाली. "मी म्हणेन."

सप्टेंबरमध्ये तिने कात्री डाव्या हातात घेतली. पण उजव्या हाताची कात्री डाव्या हातात आली की पाती एकमेकांपासून लांब सरकतात. कागद कापला जात नाही, मधेच दुमडतो. महिनाभर ती रोज दोन तास कागद चुरगाळत बसली. शेवटी काकालाच ते बघवेना.

काका ट्रॅक्टरचा मिस्त्री, मूळचा लोहाराचा मुलगा. अंगठे असे की त्याच्या मापाचे हातमोजे मिळत नाहीत. तो म्हणाला, "आण इकडे. तू सांग, मी कापतो."

पुढचं सगळं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. फरक एवढाच, की प्रत्येकाच्या मते हट्टी दुसरा.

"हे काय आहे?" त्याचा पहिला नग बघून मावशीने विचारलं.

"कोंबडा."

"याला चोचीच्या जागी फावडं लावलंयस."

"मोठा कोंबडा आहे."

"वालेन्ती, कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. किती वेळा सांगू? नट आवळतोयस का तू?"

"नट निदान तोंड वर करून बोलत नाही."

पण तो उठून गेला नाही. ती डाव्या हाताने कागद दुमडून द्यायची, तो कापायचा, ती चिकटवायची. नोव्हेंबरअखेर अठरा कार्डं झाली. पोळ्यातल्या माश्या जरा बटाट्यासारख्या दिसत होत्या, पण पोळं ओळखू येत होतं. काकाने कात्री पुसली, खिळ्याला टांगली आणि म्हणाला, "सुटलो."

"एक राहिलंय," मावशी म्हणाली.

"कुणाचं?"

"झिग्मुंतचं."

काकाने वळून बघितलं. मग तिने सगळं सांगून टाकलं. अकरा वर्षं, अकरा कार्डं, सगळी दोघांच्या नावाने.

"माझं नाव घातलंस? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"नाहीच म्हणालो असतो! बाप त्याच्या नावाने हाका मारत गेला, गेनिया. मी उशाशी बसून ऐकल्या त्या हाका."

"मीही तिथेच होते. चादर मी बदलत होते," ती म्हणाली. "आणि त्याला विमान मिळालं नाही हेही खरं आहे. तू ऐकून घेतलं नाहीस."

"मी त्याच्यासाठी कागद कापणार नाही."

"कापू नकोस. मी कापते."

आणि ती बसली. खिडकीजवळच्या टेबलाशी, मोडक्या हाताने कागद दाबून धरायचा आणि डाव्या हातात ती न ऐकणारी कात्री. मी टपाल घेऊन जायचे तेव्हा बघायचे. डाव्या अंगठ्याला फोड आला, फुटला, तिने त्यावर फडकं बांधलं आणि पुन्हा सुरू. टोपलीत हिरव्या कागदाचे बोळे साठले. आठ दिवस गेले. मला राहवेना.

"मावशी, नुसती चिठ्ठी लिहा की. तो समजून घेईल."

"तो घेईल गं. त्याचा स्वभावच तसा आहे." तिने नवा कागद दुमडला. "पण अकरा वर्षं त्याला या घरातून जे गेलं, तेच जायला हवं. कमी नाही."

आठही दिवस काका तिच्याशी जेवणापुरतं बोलला. नवव्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये गेला. बापाची जुनी भट्टी तिथेच आहे. बरीच वर्षं ती पेटली नव्हती. दुपारपर्यंत हातोडीचा आवाज येत राहिला. मी दोनदा तिथून गेले आणि दोन्ही वेळा धूर दिसला.

संध्याकाळी बीटाचं सूप पानात यायच्या आधी त्याने टेबलावर एक कात्री ठेवली. नवी, अजून काळपट, पाती उलटी बसवलेली. डाव्या हाताची.

मावशीने ती उचलली, कागदाच्या कडेला लावली, मिटली. कागद सरळ कापला गेला.

"त्याच्यासाठी केलेली नाही ही," काका म्हणाला. "मेंढ्या कातरायला होईल."

"आपल्याकडे मेंढ्या कुठायत?"

"सूप वाढ."

दुसऱ्या दिवशी तिने सुरुवात केली. हात नवा, कात्री नवी, तरी पाच दिवसांत कार्ड झालं. त्यावर बापाची भट्टी होती आणि दोन्ही बाजूंना दोन मुलगे, हातात हातोडे. एकाचं डोकं जरा वाकडं कापलं गेलं होतं. "राहू दे, तोच वालेन्ती," ती म्हणाली. खाली तिने या वेळी एकटीचंच नाव लिहिलं. आत नाताळची पांढरी पापडी ठेवली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही घरातले सगळे एकमेकांच्या पापडीचा तुकडा मोडून खातो आणि वर्षभराचं काय असेल ते सोडून देतो. लांबच्यांना ती पाकिटातून पाठवायची, आपला कोपरा मोडून. मावशीने तिचा कोपरा मोडला होता.

त्या वर्षी बर्फ लवकर पडला आणि मावशीला बाहेर पडता येत नव्हतं. एकोणीसच्या एकोणीस पाकिटं काकाच टपालात घेऊन आला; खिडकीवर तेव्हा मीच बसले होते. अठरा खिडकीत ठेवली. एकोणिसावं हातातच.

"हे नाताळपर्यंत पोचेल?"

"आज टाकलंत तर पोचेल."

तो हलेना. मग म्हणाला, "उर्षुला, तो उत्तर देतो का?"

खोटं बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "दरवर्षी, काका. जानेवारीत."

"आणि ती पत्रं तू आणतेस."

"हो."

"अकरा वर्षं मी तुला चहा पाजतोय!" तो एवढ्या जोरात ओरडला की आतून पोस्टमास्तर डोकावले. "माझ्याच स्वयंपाकघरात! तुम्ही दोघी!"

मला वाटलं तो पाकीट फाडणार. त्याने ते उघडलं खरं, पण अंगठ्याने जपून, डिंक सोडवत. कार्ड बघितलं. भट्टी बघितली, वाकडं डोकं बघितलं. मग पापडी बाहेर काढली आणि मावशीने मोडलेल्या कोपऱ्याशेजारचा कोपरा मोडला. टोपी काढली आणि तो तुकडा तोंडात टाकला. मागे दोन बायका रांगेत ताटकळत होत्या.

"पेन दे," तो म्हणाला.

मावशीच्या नावाखाली त्याने लिहिलं: कागद हिने कापला. कात्री माझी. वालेन्ती.

जानेवारीत पत्र आलं नाही. मावशी रोज फाटकाकडे बघायची, मी रोज मान हलवायचे. बारा तारखेला फोन वाजला. काकाने उचलला. पलीकडून झिग्मुंतने ना खुशाली विचारली ना नाताळचं बोलला. म्हणाला, "कात्रीला पाणी कशात दिलंस? तापलेलं पातं तेलात बुडवलंस की पाण्यात?"

"तेलात."

"बाबा पाण्यात द्यायचे."

"बाबांच्या कात्र्या तुटायच्या," काका म्हणाला. आणि त्याने फोन मावशीकडे दिला.

मे महिन्यात झिग्मुंत आला. तीन आठवडे राहिला. पहिल्याच दिवशी दोघे भाऊ कबरस्तानात जाऊन आले, दुसऱ्या दिवशी पोलादावरून कडाडून भांडले, तिसऱ्या दिवशी भट्टी पेटवली. मी टपाल द्यायला गेले तेव्हा तो मावशीला सांगत होता, की तिची सगळी कार्डं त्याने विनिपेगच्या स्वयंपाकघरात भिंतीवर लावलीयत, खिडकीच्या अगदी समोर.

"खिडकीसमोर?" मावशी म्हणाली. "अरे उन्हाने रंग उडतो! वहीत ठेवायची असतात. एवढा मोठा झालास, एवढं कळत नाही?"

"चुकलं, गेनिया," झिग्मुंत म्हणाला आणि मान खाली घालून हसायला लागला.