पायातलं घड्याळ आणि ओवीचा रकाना

लोकांच्या घरी मुलं झोपलेली असताना गप्प बसून राहायचं, हा माझ्या नोकरीचा मोठा भाग. असं बसलं की किस्से आपोआप साचतात, पंख्याच्या पात्यावर धूळ साचते तसे. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे ते खाली पडत नाहीत, इतकंच.

आमचं सर्वेक्षण दोन-अडीच वर्षांच्या मुलांचं. मूल किती झोपतं, घरची परिस्थिती काय आणि त्याची समज कशी वाढते, हे पाहायचं. झोप नोंदवणारं छोटं घड्याळ पायात बांधायचं, आठवड्याने काढायचं आणि ठोकळे, चित्रं घेऊन जमिनीवर बसायचं. प्रत्येक घरी तीन भेटी.

वारज्याच्या ओवीकडे दोन झाल्या होत्या. 'बोललेले शब्द' या रकान्यात दोन्ही वेळा शून्य. तिची आई वर्ध्याकडची. दारापर्यंत सोडायला आली आणि कुजबुजली, "ताई, पोरगी मंद हाये म्हणतात सासूबाई. तिसऱ्यांदाही नाही बोलली, त तसंच लिहाल काय जी?"

मी चपला घातल्या आणि निघाले. त्या दिवशी माझ्याही रकान्यात शून्यच.

*

नारायण पेठेतल्या अर्णवची नोंद बघून आमच्या मॅडम चक्रावल्या. दोन वर्षांचा मुलगा दुपारी एक ते चार गाढ झोपतो, रात्री चारदा उठतो आणि पहाटे पाचला तासभर झपझप चालतो!

चौकशीला गेले. आजोबांनी शांतपणे पायजमा वर केला. घड्याळ त्यांच्या घोट्याला.

"तो बांधू देईना. यंत्र रिकामं कशाला ठेवायचं?"

"आजोबा, पण समज अर्णवची तपासायची आहे."

"माझी तपासा. सूनबाईंचीही तीच इच्छा आहे."

*

दोन वाट्यांपैकी एकीखाली चेंडू लपवून "कुठे गेला?" असं विचारायची एक चाचणी असते. मार्केट यार्डातल्या एका कांदा-बटाटा व्यापाऱ्याच्या घरी आठवडाभर तिचा सराव झाला होता. मी येणार म्हणून त्या दिवशी नातवाला दुपारचं झोपूच दिलं नव्हतं. मी दोन्ही वाट्या पालथ्या घातल्या. त्याने चेंडूच्या वाटीवर डोकं टेकवलं आणि झोपला.

आजी अभिमानाने म्हणाल्या, "बघा, बरोबर ओळखलं. दुसऱ्या वाटीवर नाही झोपला."

*

एका आयटीतल्या आईने झोपेच्या तक्त्यात स्वतःच्या हाताने आणखी एक रकाना आखला होता: 'माझी'. सातही दिवस आडवी रेघ. खाली लिहिलं होतं, "हेही मोजा."

*

माझ्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे मुलं झोपतात, त्याचा तुला पगार?"

"हो."

"आणि आपल्याकडे कधी झोपायचं म्हणतेस एखादं?"

मी शेंगा निवडत राहिले. नवऱ्याला संध्याकाळी हे सगळं सांगावं, तर तो दुसऱ्या वाक्याला डुलकी घेतो. त्याला बहुधा माझा आवाजच अंगाई वाटतो.

*

ओवीकडची तिसरी भेट. एकच खोली, खिडकीला ओढणीचा पडदा, सगळा उजेड पाण्याखालच्यासारखा. कोपऱ्यात ओवीचे बाबा डोक्यावरून चादर घेऊन झोपलेले. कंपनीत कायमची रात्रपाळी. मागच्या दोन्ही भेटींतही असेच झोपलेले, त्यांचा चेहरा दिसलाच नव्हता. पंखा फिरत होता. आम्ही तिघी जमिनीवर.

चित्रातली गाय कुठाय? ओवीने बोट ठेवलं. बस? बोट ठेवलं. हे काय? ओठ घट्ट मिटलेले. तिची आई माझ्या पेनाकडे बघत होती.

मग ठोकळे. ओवीने आठ ठोकळे एकावर एक रचले, फुलं ठेवावीत तसे, जराही आवाज न करता. नववा मी द्यायला गेले आणि माझ्या हातून फरशीवर पडला. टक्कन.

ओवी दचकली. तिने चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात मला समजावलं, "ताई, हळू. बाबा झोपले."

तिच्या आईचा हात तोंडावर गेला. पेन माझ्या हातात तसंच राहिलं.

कोपऱ्यातली चादर हलली.

"उठले बाबा," आतून आवाज आला. "बोल तू. मोठ्यानं बोल."