हॉट प्रेसमधली डबी

अनिरुद्ध गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आयर्लंडमध्ये, मलिंगारच्या घरी पोळ्या लाटत होते. तासाभरात मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप फिरला, ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने…’ अरे, कुणी सांगितलं तुम्हाला? माझ्या धाकट्या भावाचं हृदय ठणठणीत होतं. त्याला बायपोलर होता आणि त्यानं आत्महत्या केली. दीड महिना झाला, अजून लोक माझ्याशी कोलेस्टेरॉलवर बोलतात!

हा आजार मला ठाऊक आहे, कारण तो मलाही आहे. माणूस कधी महिनोन्महिने अंथरुणातून उठत नाही, तर कधी असा उसळतो की झोप नको, जेवण नको. मी गोळ्या घेते, नोकरी करते, भांडते, सगळं करते. अनिरुद्धचंही छान चाललं होतं. डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला नोकरी, शनिवारी माझ्याकडे मिसळ आणि ‘ताई, तुझा कट म्हणजे नुसतं लाल पाणी’ हा शेरा ठरलेला. मग त्याचं लग्न जमवायला आई पुण्याहून त्याच्याकडे आली. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपडे उबवायचं कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात त्याला. आईनं त्याची गोळ्यांची डबी तिथे टॉवेलांमागे सरकवली. ‘स्थळं येतायत रे, कुणाला दिसायला नको.’ डबी नजरेआड झाली आणि गोळ्या चुकायला लागल्या.

त्यात मंडळाचे गणपती आले. मखर यानंच केलं, ढोल यानंच वाजवला, झोपेचं नाव नाही. ‘काय एनर्जी आहे राव!’ म्हणत सगळे खूश. मी अध्यक्षांना स्पष्ट सांगितलं, ‘अहो, तो आजारी आहे, त्याला कामं देऊ नका.’ ते हसले. ‘ताई, भावाला नजर लावू नका.’ आणि त्याच्या हातात माईक दिला. तुम्ही आजाराला टाळ्या वाजवत होता, कळतंय का? विसर्जनानंतर तो कोसळला, तर म्हणे, ‘हल्ली आळशी झालाय.’ मी त्याला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे दिवस धोक्याचे आहेत, एकटं सोडू नका. आई आणि मी पुरणार नव्हतो, म्हणून पाळीपाळीनं सोबतीला कोण येईल, असं मी ग्रुपवर विचारलं. अंगठे आले, माणसं आली नाहीत. ‘सगळ्यांना मी मखर बांधतानाचाच हवाय ना गं, ताई?’ असं त्यानं एकदा विचारलं होतं…

आई आता माझ्याकडे असते. माझी डबी जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी. पाहुणे आले की आई ती हॉट प्रेसमध्ये ठेवते, मी परत आणते. आमचं भांडण असं न बोलता चालतं. परवा मंडळातल्या काकू आल्या. डबी टेबलावरच होती. ‘कसल्या गं गोळ्या?’ मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, ‘बायपोलरच्या. अनिरुद्धलाही होता. त्यातच गेला तो, हार्ट अटॅक नव्हता.’

काकूंचा चहा तसाच राहिला. मला आईचा अभिमान वाटला आणि संतापही आला. हेच तिनं स्थळं बघताना म्हणायला हवं होतं. डबी मी तिथेच राहू दिली.