हिरवी वाट काळीला मिळते तिथे

आमची ईरा सप्टेंबरपासून कॉलेजसाठी देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर जाणार हे नक्की झाले, त्याच आठवड्यात मी स्कीइंगच्या प्राथमिक वर्गात नाव नोंदवले. शाळेच्या स्की क्लबबरोबर ती कितीतरी वर्षे डोंगरावर जाते आहे. पहाटे मी तिला बसपाशी सोडते, संध्याकाळी तिथेच तिची वाट पाहते आणि घरी आल्यावर तिचे ओले मोजे वाळत घालते. मधला तिचा दिवस मला ठाऊकच नव्हता. ती जाण्याआधी एकदा तिच्या बरोबरीने शिखरापासून पायथ्यापर्यंत उतरावे, एवढीच इच्छा होती. तिनेही ते कबूल केले होते.

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही तिघे, ईरा, तिचे बाबा आणि मी, बॉथेलच्या घरून निघालो. घाटरस्त्याची स्थिती सकाळीच ऑनलाइन पाहावी आणि बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या डिकीत ठेवाव्यात. पार्किंगचे आरक्षण आधी केलेले बरे; उशिरा आलेल्यांना दूरवर गाडी लावून शटलने यावे लागते. नवशिक्यांनी स्वतंत्र तिकीट न घेता शिकवणी, भाड्याचे साहित्य आणि खालच्या लिफ्ट, म्हणजे तारेवरचे पाळणे, यांचे एकत्रित पॅकेज घ्यावे. ते पुष्कळ स्वस्त पडते.

रिसॉर्ट म्हणजे डोंगराला टेकलेले एक लहानसे गावच. बूट-स्कीच्या भाड्याचे दालन, शाळा, दवाखाना, लॉकर, उपाहारगृह, आणि ज्याचे मला फार कौतुक वाटले ते घरचा डबा खाण्यासाठीचे वेगळे सभागृह. उतरणींना रंग असतात: हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. मात्र हे रंग त्या त्या डोंगरापुरतेच खरे. एका ठिकाणची निळी दुसरीकडे काळीही ठरू शकते.

पहिला दिवस सरकत्या पट्ट्यावर गेला. पट्टा तुम्हाला वर नेतो, तुम्ही घसरत खाली येता. मी पूर्वी नाशिकला भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे घर्षण आणि गुरुत्वमध्य यांबद्दल माझी शंका नव्हती. शंका गुडघ्यांना होती. आपण गड उतरायला शिकतो तेव्हा पहिला धडा मिळतो तो टाच रोवण्याचा आणि अंग मागे टाकण्याचा. सह्याद्रीच्या मुरमाड वाटेवर तो प्राण वाचवतो. बर्फावर नेमके उलटे घडते: मागे रेलले की स्कीची पुढची टोके हलकी होतात, वळता येत नाही आणि वेग वाढतच जातो. ताबा हवा असेल तर ज्या दरीची भीती वाटते तिच्याकडेच झुकावे लागते.

हे मला समजत होते आणि मी आडवी होत होते.

“आई, यू आर लीनिंग बॅक अगेन!” ईरा ओरडली.

“अगं, सवय आहे ती. हरिश्चंद्रगड उतरलेय मी!”

“धिस इज नॉट अ गड, आई!”

दुपारी सभागृहात थालीपीठ खाताना मागच्या टेबलावरून मराठी कानावर आले. मुलाकडे आलेले एक काका खिडकीतून लिफ्ट पाहत होते. “एवढे पैसे भरून वर जायचं आणि लगेच खाली यायचं? मग गेलात कशाला?”

“काका, अगदी मनातलं बोललात,” माझा नवरा मिलिंद म्हणाला आणि त्यांना लोणचे दिले. दोन्ही दिवस त्याने निष्ठेने डब्याची राखण केली.

पायथ्याजवळ मुक्काम करून रविवारी मी वरच्या लिफ्टचे तिकीट घेतले, तर वाऱ्यामुळे लिफ्ट बंद. अशा वेळी पैसे परत मिळत नाहीत. सकाळभर मी हिरव्या उतरणीवर सराव केला आणि दर फेरीला वर पाहिले. दुपार कलताना लिफ्टचे पाळणे हलले. आम्ही रांगेत शिरणार तोच ईराच्या क्लबमधल्या मुली आल्या. शेवटच्या वर्षाच्या सगळ्या जणी मिळून काळी उतरण उतरणार होत्या, एकत्र, शेवटची.

ईराने माझ्याकडे पाहिले. “आय प्रॉमिस्ड यू.”

नको जाऊस, असे अगदी ओठावर आले होते. “जा,” मी म्हणाले.

लिफ्टमध्ये तिने नकाशा उलगडला. शिखरावरून हिरवी वाट वळसे घेत उतरते आणि बरीच खाली, बचावपथकाच्या झोपडीपाशी, काळी तिला येऊन मिळते. “आय विल वेट देअर. आई, डोन्ट लीन बॅक, ओके? दरीकडे बघ.” दरीकडे बघ, एवढे तिने मराठीत म्हटले.

शिखरावर ती मैत्रिणींबरोबर कडेवरून खाली झेपावली. निळे जाकीट क्षणभर दिसले, मग फक्त उडालेला बर्फ.

मी एकटी उतरले. सूचिपर्णी फरच्या झाडांमधून वाट शांत होती. दर वळणावर ती दिसेल असे वाटे आणि दर वळणावर नुसता बर्फ असे. एकदा पडले. उठले, हनुवटी पुढे काढली आणि दरीकडे झुकले. स्की आज्ञाधारकपणे वळल्या.

झोपडीपाशी निळे जाकीट एकटेच उभे होते. मैत्रिणी कधीच पुढे गेल्या होत्या. माझ्या वाटेकडे तोंड करून ती थांबली होती, जशी मी इतकी वर्षे बसपाशी थांबत आले.

“आई! यू वर फास्ट!”

“मागे रेलले नाही.”

तिथून पायथा जवळच होता. तेवढे अंतर आम्ही शेजारी शेजारी उतरलो. तिने वेग कमी केला होता हे मला कळत होते.

शिखरापासूनची सोबत मिळाली नाही. तरी घरी आल्यावर प्रथमच दोन जोड मोजे वाळत घातले, आणि तेवढ्यानेही बरे वाटले.

जाता जाता एक उपयुक्त माहिती: पुढच्या हंगामाचा पास वसंतातच घ्यावा, तेव्हा सवलत मिळते. मी एकच घेतला, माझा. “हिवाळी सुट्टीत मी येईन ना,” ईरा म्हणाली. येईलच. तेव्हा तिच्यासाठी एका दिवसाचे तिकीट काढू, पाहुण्यांसाठी काढतात तसे.